‘ॲनॉय’ या शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

सुदामानगरची आई

नमस्कार. आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदूरमध्ये आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि मुलांच्या वह्यांत इंग्रजी असा आमचा संसार असल्यामुळे एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ आली की तीन भाषांतून फिरून यावे लागते, आणि तरीही हाती काही लागेलच असे नाही. गेल्या आठवड्यात तसेच झाले. दहावीतल्या मुलीने निबंधात ‘माय ब्रदर इज व्हेरी ॲनॉइड’ असे लिहिले होते. धाकटा भाऊ फार वैताग आणतो, असे तिला म्हणायचे होते. बाईंनी लाल शाईने ‘ॲनॉइड’ खोडून ‘ॲनॉइंग’ केले. मुलीने मला कारण विचारले, तेव्हा ‘ते तसेच असते’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही.

सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. या शब्दाचा मुळात अर्थ काय, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “त्रास देणे.” त्यावर त्या म्हणाल्या, “त्रास माझ्या गुडघ्यांचा असतो. नातवाची ती कटकट.” हे मला पटले. पण मग असे लक्षात आले की शेजारच्या कुत्र्याचे रात्रभर भुंकणे, कर्ज हवे का असे विचारणारे दुपारचे फोन आणि लिफ्टचे दार उघडे टाकून जाणारी माणसे या सगळ्यांसाठी आम्ही हा एकच इंग्रजी शब्द वापरतो, मराठीत मात्र प्रत्येक वेळी निराळाच शब्द तोंडी येतो. मग या शब्दाचा मराठी अर्थ नक्की कोणता धरायचा?

विचारण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या गल्लीच्या मागे एक मॅरेज गार्डन असून लग्नसराईत तेथील डीजे रात्री एक-एक वाजेपर्यंत चालतो. गल्लीतले सगळे मिळून इंग्रजीत तक्रार अर्ज देणार आहोत. एका शेजाऱ्यांनी केलेल्या मसुद्याची सुरुवात ‘वी आर व्हेरी मच ॲनॉइड’ अशी आहे. वाचताना मला उगाचच असे वाटले की आम्ही सगळे गार्डनवाल्यांवर रुसून बसलो आहोत. हा शब्द अर्जात शोभतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.


निवृत्त मास्तर, रामबाग

ताई, तुमच्या सासूबाईंनी निम्मे उत्तर देऊन टाकले आहे. उरलेले निम्मे मी देऊन पाहतो. पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवल्यामुळे उत्तर लांबण्याची खोड आहे, ती सांभाळून घ्यावी.

आधी मुलीची चूक पाहू. तिचे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच आहे, फक्त त्याचा अर्थ ‘माझा भाऊ फार वैतागलेला आहे’ असा होतो (आणि बहिणीने आपल्यावर निबंध लिहिल्याचे कळल्यावर तो तसा झालाही असेल). मराठीत हा भेद आपण ‘-लेला’ आणि ‘-णारा’ यांनी करतो. वैताग ज्याच्या डोक्यात शिरला, तो वैतागलेला, म्हणजे ‘ॲनॉइड’. ज्याच्यामुळे शिरला, तो वैताग आणणारा, म्हणजे ‘ॲनॉइंग’. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ या जोडीतही हेच आहे, तिला आपल्याकडे ‘कंटाळलेला’ आणि ‘कंटाळवाणा’ असे दोन चोख शब्द आहेत. मुलीला इंग्रजी नियम पाठ करायला सांगू नका. आधी मराठी वाक्य मनात म्हणून त्यात ‘-लेला’ येतो की ‘-णारा’, एवढे पाहायला सांगा.

मुलांची गाडी येथे का अडते, याचेही कारण आहे. कंटाळा, किळस या शब्दांना ‘-वाणा’ लावून आपण विशेषणे केली आहेत, परंतु ‘वैतागवाणा’ हा शब्द त्यांच्याइतका रुळलेला नाही. ‘वैताग आणणारा’ हे लांबते, ‘त्रासदायक’ हे औषधाच्या चिठ्ठीवरचे वाटते. त्या रिकाम्या जागी ‘इरिटेटिंग’ आणि ‘ॲनॉइंग’ येऊन बसले आहेत. त्यांना हाकलण्यात मला रस नाही, पण ते का आले हे ठाऊक असावे.

आता मूळ अर्थ. लॅटिनमध्ये एखादी गोष्ट नकोशी झाली की ‘मिही इन ओडिओ एस्ट’ असे म्हणत. ‘मिही’ म्हणजे ‘मला’ आणि ‘ओडियम’ म्हणजे द्वेष किंवा तिटकारा. ‘मला त्याचा तिटकारा आहे’ हे आपले वाक्य जवळजवळ त्याच बांधणीचे आहे. यातल्या ‘इन ओडिओ’ या दोन शब्दांपासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘इनोडिआरे’ हे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले आणि झिजत झिजत ‘ॲनॉय’ झाले. वाटेत त्याचा द्वेष ओसरला. मौज अशी की त्याच मुळापासून फ्रेंचमध्ये ‘आन्वी’, म्हणजे कंटाळा, असा शब्द झाला, इटालियन क्रियापदाचाही अर्थ कंटाळा आणणे असाच आहे, आणि स्पॅनिशमध्ये मात्र त्याच मुळाचा शब्द रागावण्यासाठी वापरतात. तिटकारा, कंटाळा, राग आणि वैताग ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत आहेच.

मला यातले ‘मिही’ महत्त्वाचे वाटते. आपण ‘मला वैताग आला’, ‘मला राग आला’, ‘मला कंटाळा आला’ असे म्हणतो. भावना पाहुण्यासारखी येते आणि ज्याच्याकडे येते तो ‘मला’ असतो. इंग्रजीने वाक्य उलटे फिरवून वस्तूला कर्ता केले, ‘द नॉइज ॲनॉइज मी’, तरी शब्दाचा जीव त्या ‘मी’मध्येच राहिला. गोंगाटाने काय केले हे तो सांगत नाही, माझे काय झाले एवढेच सांगतो. मराठीतले आपले शब्द नेमके उलटे आहेत. कटकट, भुणभुण, किरकिर आणि पिरपिर यांत समोरचा काय करतो ते ऐकूच येते: किरकिर लहान मूल करते, भुणभुण डास करतो किंवा कानाशी लागून तेच तेच सांगणारा माणूस करतो, कटकटीत बोलणे आणि वारंवारता दोन्ही आहेत. म्हणून ‘ॲनॉय’साठी एकच मराठी शब्द शोधू नये. कोणी काय केले ते आधी विचारावे, शब्द आपोआप मिळतो. कुत्र्याच्या भुंकण्याने डोके उठते, कर्जवाले भंडावून सोडतात, आणि लिफ्टचे दार उघडे टाकणाऱ्यांची चीड येते.

शब्दयोगी प्रयोगांचे थोडक्यात सांगतो. माणसावर वैतागलो तर ‘ॲनॉइड विथ’, गोष्टीवर वैतागलो तर ‘ॲनॉइड ॲट’ किंवा ‘ॲनॉइड अबाउट’, आणि कोणामुळे ते सांगायचे असेल तर ‘बाय’. ‘ॲनॉइड ऑन’ असे काही नाही. ते आपल्या ‘माझ्यावर’चे शब्दशः रूप आहे.


इंदुरी, मुक्काम पुणे

मास्तरांच्या उत्तरानंतर फारसे उरलेले नाही, पण इंदुरी घरांसाठी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. हिंदीत ‘मुझे चिढ़ होती है’ आणि ‘वह मुझे चिढ़ाता है’ ही दोन वाक्ये आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यांच्या ओघात मराठीतही ‘तो मला चिडवतो’ असे म्हणून जातो. ‘चिडवणे’ म्हणजे ‘टीझ’ करणे. त्यात करणाऱ्याला मजा येत असते आणि तो ते जाणूनबुजून करत असतो. ‘ॲनॉय’ला असा हेतू लागत नाही. गळका नळ कोणालाही चिडवत नाही, पण रात्रभर वैताग देतो. माझ्या आतेभावाने इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ‘माय फ्रेंड्स ॲनॉय मी बाय माय निकनेम’ असे सांगितले होते आणि परीक्षक बराच वेळ विचारात पडले होते.

दुसरा शब्द ‘नाराज’. आपल्याकडे ‘आर यू ॲनॉइड विथ मी?’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘नाराज हो क्या?’ याचे भाषांतर असते, म्हणजे विचारणाऱ्याला रुसवा अभिप्रेत असतो. ताईंना अर्जातले वाक्य रुसल्यासारखे का वाटले, याचे उत्तर मला येथे दिसते. विलायती इंग्रजीत या शब्दात रुसवा नसतो, नुसता सौम्य राग असतो आणि तो तासाभरात उतरतो. आपल्या भारतीय इंग्रजीने त्यात अबोला भरला आहे.

पुण्यात येऊन पंधरा वर्षे झाली. येथे सगळ्यांना सगळ्याचे ‘इरिटेट होते’. आमच्या काकू मात्र अजूनही ‘वात आणला मेल्याने’ म्हणतात, आणि त्या तीन शब्दांची सर कशालाच नाही.


लष्करवाला, ग्वाल्हेर

इरिटेटचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळे तो शब्द माझ्या धंद्यातला आहे. मलम लावल्यावर कातडी चुरचुरली की ‘इरिटेशन’ होते, धुराने डोळ्यांना ‘इरिटेशन’ होते. कातडी कधी ‘ॲनॉइड’ होत नाही, कारण वैतागायला मन लागते. मन असलेल्याला मात्र दोन्ही शब्द चालतात. माझ्या कानाला ‘इरिटेट’मध्ये घासणे आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच होऊन शेवटी सोलवटल्यासारखे वाटणे; ‘ॲनॉय’ला एकदाच घडलेली गोष्टही पुरते.

‘बॉदर’ निराळा आहे. दुकानात कोणी ‘डोन्ट बॉदर’ म्हणाले तर तो ‘वैताग आणू नका’ असे म्हणत नसून ‘राहू द्या, तसदी घेऊ नका’ असे म्हणत असतो. नव्या पोऱ्याला हे ठाऊक नव्हते आणि तो अर्धा दिवस तोंड पाडून बसला होता.

मास्तरांना एक विनम्र हरकत. आपण ‘ॲनॉय’ला वैताग म्हटले, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे वैताग हा शेवटचा टप्पा आहे, ज्यानंतर माणूस घर सोडून जायच्या गोष्टी करतो. इंग्रजीतला शब्द त्यामानाने हलका आहे. ‘स्लाइटली ॲनॉइड’ असे लोक सर्रास म्हणतात. ‘जरासा वैतागलो’ असे मी कोणाकडून ऐकलेले नाही.


निवृत्त मास्तर, रामबाग

हरकत मान्य आहे, निदान अर्धी. ‘जरासा वैतागलो’ मीही ऐकलेले नाही. हलक्या छटेसाठी ‘चिडचिड झाली’ हे अधिक जवळ जाते. मात्र ‘काय वैताग आहे!’ असे आपण रिक्षा न मिळाल्यावरही म्हणतो, तेव्हा घर सोडण्याचा विचार कोणाच्याही मनात नसतो. शब्द रोज वापरला की त्याची धार जाते. ‘त्रास’ पाहा ना. संस्कृतात त्याचा अर्थ भीती, थरकाप असा होता. मराठीत आल्यावर तो सासूबाईंच्या गुडघ्यांत जाऊन बसला. द्वेषापासून निघालेला ‘ॲनॉय’ गळक्या नळापर्यंत उतरला, त्यातलाच हा प्रकार. त्याचा जुना तिखटपणा एका भावंडात उरला आहे, तो शब्द म्हणजे ‘नॉइसम’. बरेच जण त्याचा संबंध गोंगाटाच्या ‘नॉइज’शी जोडतात आणि फसतात. तो ‘ॲनॉय’च्या तुटलेल्या शेपटीपासून झालेला असून त्याचा अर्थ अपायकारक किंवा घाणेरडा, विशेषतः दुर्गंधीचा, असा आहे.


काळा कोट, इंदूर

मी वकील असल्यामुळे ताईंच्या अर्जापुरतेच लिहितो. बोलण्यात हलका वाटणारा हा शब्द कायद्यात मात्र चांगला वजनदार आहे, त्यामुळे तो पोरकट दिसेल अशी भीती बाळगू नये. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 268 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची (‘पब्लिक नुइसन्स’ची) व्याख्या करताना ‘इंज्युरी’, ‘डेंजर’ आणि ‘ॲनॉयन्स’ हे तीन शब्द एका ओळीत बसवले आहेत, म्हणजे इजा आणि धोका यांच्या पंक्तीला वैतागाला पाट मिळाला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कलम 270 मध्ये आली आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला ‘ॲनॉयन्स’ होईल असे वागणाऱ्याला जुन्या संहितेत चोवीस तासांपर्यंत कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड होता. आता तो दंड हजार रुपयांपर्यंत गेला आहे. दहा रुपयांचा तो दंड दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे.

आपल्या राज्यात कोर्टात हिंदी पाठ हाताशी असतो आणि तेथे एक गंमत आहे. दंड संहितेच्या हिंदी पाठात ‘ॲनॉयन्स’साठी ‘क्षोभ’ हा शब्द आहे, आणि ‘नुइसन्स’ला पर्याय न देता ‘लोक न्यूसेंस’ असेच लिहिले आहे. मराठी माणसाला क्षोभ म्हटला की रस्त्यावर उतरलेला जमाव दिसतो. शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीने क्षोभ झाला, असे वाचताना सुरुवातीला मला हसू आवरत नसे. ‘नुइसन्स’साठी मराठीतला ‘उपद्रव’ हा शब्द मला फार योग्य वाटतो, कारण ‘नुइसन्स’चे मूळ लॅटिनमधल्या अपाय करण्याच्या क्रियापदात आहे. एखादी गोष्ट उपद्रव आहे असे म्हणताना आपण त्या गोष्टीबद्दल बोलतो. मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर त्यात ‘मला’ नाही.

या ‘मला’नेच कायद्याला अडचणीत आणले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66 अ या कलमात, खोटे असल्याचे ठाऊक असताना दुसऱ्याला ‘ॲनॉयन्स’ किंवा गैरसोय व्हावी म्हणून वारंवार संदेश पाठवणे हाही गुन्हा ठरवला होता. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्याचे एक कारण असे की एकाला जे वैताग आणते ते दुसऱ्याला आणीलच असे नाही, आणि मग काय लिहिले म्हणजे गुन्हा होतो हे सामान्य माणसाला आधी कळणार कसे? अमेरिकेतही 1971 मध्ये सिनसिनाटी शहराचा एक नियम याच कारणावरून पडला होता. तीन किंवा अधिक माणसांनी पदपथावर जमून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘ॲनॉइंग’ वाटेल असे वागू नये, असा तो नियम होता. राजवाड्यासमोर तो लावला असता तर संध्याकाळी सात वाजता अर्धे इंदूर आत गेले असते.

यावरून अर्ज कसा लिहावा ते ठरते. ‘आम्ही फार वैतागलो आहोत’ हे वाक्य खरे असले तरी त्यावर अधिकारी काही करू शकत नाही. त्याला कृत्य लागते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कोणत्या तारखांना, किती वाजेपर्यंत, घरापासून किती अंतरावर डीजे चालला हे आधी लिहा, शक्य असल्यास आवाजाचे मोजमाप द्या, आणि त्यानंतर ‘कॉजिंग ॲनॉयन्स टू द रेसिडेंट्स’ असे खुशाल लिहा. याच नियमांत, कोणता आवाज थांबवायचा हे ठरवताना अधिकाऱ्याने पाहायच्या गोष्टींत ‘ॲनॉयन्स’ हा शब्द आलेला आहे, त्यामुळे तो तुमचा राहत नाही, नियमाचा होतो.

खर्च परवडत नाही, असे उत्तर आले तर आपल्या शेजारच्या रतलामचा खटला लक्षात ठेवा. उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी यांविरुद्ध एका वॉर्डातले रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले, नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सबब फेटाळली. त्या रहिवाशांनी ज्या कलमाखाली दाद मागितली ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते. आता त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे.


सुदामानगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. मसुदा बदलला आहे. नोव्हेंबरपासूनच्या अकरा रात्रींच्या तारखा आणि वेळा वर घातल्या आहेत, आणि शेवटी असे वाक्य ठेवले आहे: ‘द लाउड म्युझिक कंटिन्यूज टिल वन इन द मॉर्निंग, कॉजिंग सीरियस ॲनॉयन्स टू द रेसिडेंट्स, पर्टिक्युलरली द एल्डरली.’ ‘सीरियस’ हा शब्द ठेवावा का? शेजाऱ्यांचा आग्रह आहे.

‘-लेला’ आणि ‘-णारा’ मुलीला लगेच उमगले. तिने काल भावाबद्दल दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरून दाखवले. त्याने ते वाचले आणि आता तो खरोखरच ‘ॲनॉइड विथ’ झाला आहे. सासूबाई म्हणतात की तो रुसला आहे.


काळा कोट, इंदूर

‘सीरियस’ काढून टाका, तारखा पुरेशा आहेत. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यायला विसरू नका.